आधी पेटी, मग हाक

जरा डोळे मिटा.

डोळे मिटून वाचायचं कसं, असं तुमच्यातल्या कोणीतरी विचारलंच असेल. बरं, कपाळाखालचे उघडे ठेवा, मनातले मिटा. आता असं समजा की तुम्ही एक छत्री आहात. हसू नका. काळी, साधी, वाकड्या मुठीची छत्री. कोणीतरी तुम्हाला बसमध्ये सीटच्या कडेला टेकवलं, त्याचा थांबा आला, तो उतरला आणि तुम्ही राहिलात. मग दुसऱ्या कोणीतरी तुम्हाला उचलून एका लांबलचक खोलीत, फळीवर, तुमच्यासारख्याच ढीगभर छत्र्यांमध्ये ठेवलं. पाय नाहीत, म्हणून जाता येत नाही. तोंड नाही, म्हणून सांगता येत नाही. अशा वेळी तुम्ही काय कराल?

वाट पाहाल. दुसरं काय करणार?

आणि वाट पाहता पाहता आपल्याला काय नावाने हाक मारायचे तेसुद्धा विसरून गेलात, तर? मग एखाद्या सकाळी कोणीतरी भलत्याच नावाने हाक मारली, तर ओ द्याल की गप्प बसाल?

लगेच उत्तर देऊ नका. आधी गोष्ट ऐका.

तर अशी एक खोली खरंच होती. मोठ्या बसस्थानकाच्या तळमजल्यावर, तिकिटांच्या खिडक्या संपल्या की डाव्या हाताला. दारावर पाटी होती, 'हरवलं-सापडलं'. त्या खोलीत एका गारठ्याच्या सकाळी भिंगरी आपल्या मावशीबरोबर आली.

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ, म्हणून घरात सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. शाळेला सुट्टी होती, आई कामावर गेली होती, आणि घरी एकटी ठेवली तर घराचं काय होईल याची सगळ्यांना कल्पना होती. म्हणून मावशीने तिला बरोबर घेतलं. बसमध्ये चढल्याबरोबर भिंगरीने खिडकीची जागा पटकावली. खिडकीची जागा ती कोणालाही देत नसे. एकदा आजोबांनाही दिली नव्हती, आणि आजोबांनी ते अजून मनात ठेवलं होतं.

मावशीचं काम वायफाय लावून देण्याचं. आजवर ती एका कंपनीत नोकरीला होती. महिन्यापूर्वी ती सोडून तिने स्वतःचं काम सुरू केलं होतं, आणि हे तिला मिळालेलं पहिलं काम. त्यामुळे ती बसमध्ये गप्प होती आणि मांडीवरची पिशवी सारखी चाचपत होती.

"मावशी, तू घाबरलीस का?"

"छे. सामान सगळं आहे ना ते बघतेय, एवढंच."

"म्हणजे घाबरलीस."

"हो," मावशी म्हणाली. खोटं बोलणं तिला कधी जमलं नाही.

मग तिने भिंगरीला काम समजावून सांगितलं. हरवलेल्या वस्तूंच्या त्या खोलीत सहा टॅब होते. तिथले लोक टॅब हातात घेऊन फळ्यांमधून हिंडणार आणि कोणती वस्तू कुठे आहे ते चटकन शोधणार. पण खोलीच्या बाहेरच बाकांवर शेकडो प्रवासी बसलेले असतात. वायफाय दिसलं की जो तो त्याला लटकणार. म्हणून इथलं वायफाय लपवून ठेवायचं होतं.

"लपवायचं म्हणजे? कपाटात?"

"अगं, साधं वायफाय असतं ना, ते भाजीवाल्यासारखं असतं. सारखं ओरडत राहतं, मी इथे आहे, मी इथे आहे. लपवलेलं वायफाय तोंड मिटून बसतं. ते तुला यादीत दिसतच नाही. तुला त्याचं नाव आधीच माहीत असावं लागतं. मग टॅब त्या नावाने हाक मारतो. हाक बरोबर असली, तरच ते ओ देतं."

"लपाछपीच की."

"लपाछपीच. फक्त एक नियम पक्का. आधी वायफायची पेटी छताला लावायची, ती चालू करायची, आणि मगच टॅबला नाव सांगायचं. आधी पेटी, मग हाक."

"आणि आधी हाक मारली तर?"

मावशीने खांदे उडवले. "कोणी नसताना मारलेली हाक. फुकट जाते. दुसरं काय?"

"नाव काय ठेवणार आहेस?"

"तू सांग."

भिंगरीला विचार करावाच लागला नाही. एक नाव तिने कितीतरी दिवसांपासून जपून ठेवलं होतं. कधीतरी मांजराचं पिल्लू मिळालं, तर त्याच्यासाठी. मिळायची आशा कमीच होती, कारण आईने सांगून टाकलं होतं की मांजर ज्या दिवशी या घरात येईल त्या दिवशी मी या घरातून जाईन. तरी नाव मात्र तयार होतं.

"ठिपकी," ती म्हणाली.

"ठरलं," मावशी म्हणाली.

हरवलं-सापडलंची खोली भिंगरीला पाहताक्षणीच आवडली. लांबच लांब, उंच छताची, आणि दोन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत फळ्या. एक फळी नुसत्या चष्म्यांची. खाली उभं राहिलं की सगळे चष्मे आपल्याकडेच बघतायत असं वाटायचं. एक फळी हातमोज्यांची, सगळे एकेकटे. शाळेची दप्तरं, काठ्या, हेल्मेटं, एक बाबागाडी, एक तुतारीसारखं पितळी वाद्य त्याच्या काळ्या पेटीत. आणि सगळ्यात मागे, भिंतीला लागून, छत्र्या. जुन्या कापडाचा, ओल्या लाकडाचा आणि कोणाच्या तरी घरच्या साबणाचा असा मिसळलेला वास तिथे होता.

छत्र्यांचा सगळा कारभार ज्यांच्याकडे होता त्यांना तिथे छत्रीकाकाच म्हणत. गोल चेहरा, पांढऱ्या मिशा. खिडकीपाशी बसून येणाऱ्या माणसाचं हरवलेलं ऐकून घ्यायचं, फळीवरून वस्तू काढून आणायची, खूण पटली की त्याच्या हातात द्यायची. आणि दिली की खिडकीतली पितळी घंटी एकदा वाजवायची. हा त्यांचा स्वतःचा नियम. एक वस्तू घरी गेली, एक घंटी.

"काका, हे दात कोणाचे?" बरणीतली कवळी बघून भिंगरीने विचारलं.

"ज्याचे आहेत त्याला धड बोलता येत नसणार. म्हणून तर राहिलेत."

भिंगरी इतकी हसली की मावशीने शिडीवरून वळून पाहिलं.

तेवढ्यात जिन्यावरून वरच्या मॅडम खाली आल्या. त्या या कार्यालयाच्या प्रमुख. त्यांची खोली वरच्या मजल्यावर होती म्हणून सगळे त्यांना वरच्या मॅडम म्हणत. त्या चांगल्या होत्या, पण घाईत होत्या.

"पाच वाजता मी खाली येईन," त्या मावशीला म्हणाल्या. "सहाच्या सहा टॅब चालताना दिसले, तर वरच्या मजल्यांचं कामही तुम्हालाच. एक जरी अडला, तर मला दुसरं माणूस बघावं लागेल. उद्यापासून हे सुरू व्हायचंय."

"चालतील," मावशी म्हणाली. पिशवीचा बंद तिने घट्ट धरला होता.

ती पुन्हा शिडीवर चढली. छताला दोन पांढऱ्या पेट्या लावायच्या होत्या. खाली टेबलावर सहा टॅब ओळीने मांडले होते. भिंगरीने वाट पाहिली. एक मिनिट पाहिली, दुसरं मिनिट जवळजवळ पाहिलं. मग तिने शेवटचा, सहावा टॅब उचलला. नाव तिला ठाऊक होतं, तिनेच तर ठेवलं होतं. पासवर्ड मावशीने बसमध्ये दोनदा घोकला होता. सेटिंगमध्ये जाऊन तिने नाव लिहिलं, ठिपकी, आणि जोडायचं बटण दाबलं.

लगेच जोडलं गेलं. बरोबरची खूण आली आणि वरच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या दांड्यांपैकी एक भरली.

मागे, छत्र्यांच्या फळीवर, काहीतरी हललं. फार नाही. दारात कोणी आलं की आतलं माणूस जसं चटकन उठून बसतं ना, तेवढंच.

भिंगरीने वर पाहिलं. मावशी शिडीवर बसून दातांनी चिकटपट्टी तोडत होती. पहिली पेटी तिच्या मांडीवर होती. दुसरी अजून खोक्यात होती. विजेची वायर जमिनीवर वेटोळं घालून पडली होती.

भिंगरीने टॅब हळूच जागेवर ठेवला. सांगावंसं तिला वाटलं, पण मग नियम मोडल्याचंही सांगावं लागलं असतं.

दुपारपर्यंत दोन्ही पेट्या लागल्या. मावशीने एकेक टॅब घेऊन नाव लिहिलं, हाक मारली, ओ मिळाली. एक, दोन, पाच. पाचही टॅबवर वस्तूंचं पान झर्रकन उघडलं. सहावा घेतला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"हा म्हणतो, मी जोडलेला आहे. पण पान उघडत नाही. आणि माझ्या लॅपटॉपवर पाचच दिसतायत. सहावा माझ्या पेटीला जोडलेलाच नाही."

"मग कशाला जोडलाय?" छत्रीकाकांनी विचारलं.

"तेच तर."

तिने टॅब बंद करून पुन्हा चालू केला. पासवर्ड तपासला. पेटीच्या अगदी खाली नेऊन धरला. टॅब आपला एकच हेका धरून बसलेला: जोडलेला आहे. गंमत म्हणजे पेटीजवळ नेलं की दांड्या कमी व्हायच्या.

"भिंगरे, हा घे आणि खोलीभर हिंड. दांड्या कुठे वाढतात ते बघ. तेवढ्यात मी वायरी तपासते."

हिंडायला सांगितलेलं काम भिंगरीला मिळालं, म्हणजे माशाला पोहायला सांगितल्यासारखंच. ती टॅब पुढे धरून निघाली. चष्म्यांपाशी एक दांडी. हातमोज्यांपाशी दोन. थंड, कोमट, गरम, असा खेळच तो. त्या पितळी वाद्याच्या पेटीपाशी आली आणि सगळ्या दांड्या एकदम भरल्या. टॅब तिच्या हातात किंचित उबदार झाला.

ती तिथेच उभी असताना खिडकीतून आवाज आला. एक उंच, विस्कटलेल्या केसांचा माणूस धापा टाकत उभा होता.

"माझं वाद्य राहिलंय हो बसमध्ये. काळी पेटी. तीन आठवडे झाले, आज इथून जाताना पाटी दिसली."

छत्रीकाका पेटी घ्यायला आले तर भिंगरी तिच्यावर हात ठेवून उभी. "तुला कसं कळलं गं?" ते म्हणाले. तिलाही ते माहीत नव्हतं. माणसाने पेटी उघडली, वाद्य ओठांना लावलं आणि तिथेच, खिडकीसमोर, एक अशी उड्या मारणारी धून वाजवली की बाकांवरचे प्रवासी उठून बघायला आले. छत्रीकाकांनी घंटी वाजवली.

दांड्या पुन्हा एकवर आल्या. भिंगरी पुढे चालू लागली.

पुढच्या वेळी त्या भरल्या एका लहानशा लाल बुटापाशी. भिंगरीने बूट उचलला आणि खिडकीकडे पळत सुटली. खिडकीत एक बाई कडेवर बाळ घेऊन नुकतीच पोचत होती. बाळाच्या एका पायात लाल बूट होता. बाईने अजून तोंडही उघडलं नव्हतं.

घंटी.

मग एक काठी, मग एक दप्तर, मग चष्मा. चष्मेवाले आजोबा चष्मा लावून भिंगरीला म्हणाले, "अरेच्चा, तू मुलगी आहेस होय." घंटी, घंटी, घंटी. छत्रीकाकांच्या मिशा हसून हसून वर चढल्या होत्या. कार्यालयातली बाकीची माणसंही काम सोडून बघू लागली. एरवी दिवसाला दोन-तीन घंट्या व्हायच्या. त्या दुपारी मोजणं त्यांनी सोडून दिलं. बाहेरच्या प्रवाशांनी प्रत्येक घंटीला टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

"योगायोग आहे," छत्रीकाका म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "योगायोगच." तिसऱ्यांदा मात्र म्हणाले नाहीत.

मावशी या सगळ्याकडे लॅपटॉपवरून मान वर करून बघत होती. ती हसत होती, पण अर्धीच.

"इकडे ये जरा," ती म्हणाली. "ठेव इथे. आता गंमत बघ."

तिने पहिल्या पेटीची वायर काढली. मग दुसरीची. बाहेरून येणारी मुख्य तारही काढली. टेबलावरच्या पाचही टॅबवर वायफायची खूण पुसली गेली.

सहाव्यावर दांड्या भरलेल्या होत्या.

मावशीने टॅब उलटा केला, पुन्हा सरळ केला. नाव वाचलं. ठिपकी.

"जुन्या कोणाची तरी पेटी छतात राहिली असेल," छत्रीकाका म्हणाले.

"असेल. पण तिचं नावही ठिपकीच? हे नाव आज सकाळी बसमध्ये ठरलंय, काका. आम्हा दोघींशिवाय कोणाला माहीत नाही."

मागच्या भिंतीशी एका छत्रीतून पाण्याचा थेंब पडला. बाहेर कित्येक दिवसांत पाऊस नव्हता.

"मावशी," भिंगरी म्हणाली. "मी आधी हाक मारली."

"काय?"

"तू शिडीवर होतीस. पेट्या लागल्या नव्हत्या. मी नाव लिहिलं. आणि लगेच ओ आली."

मावशी रागावली नाही. तिने भिंगरीकडे पाहिलं, मग त्या लांब खोलीकडे, फळ्यांच्या शेवटपर्यंत पाहिलं.

"कोणी दिली?" तिने हळूच विचारलं. पण ते भिंगरीला विचारलं नव्हतं.

छत्रीकाका खाकरले. "मी काय म्हणतो, पाच वाजायला आलेत. मॅडम येतील, दांड्या बघतील, भरलेल्या आहेत. झालं की. पान कोण उघडून बघतंय?"

"नाही हो काका. जे मी जोडलं नाही, ते मी जोडलं कसं म्हणू? आणि उद्या बिघडलं तर दुरुस्त काय करू? हवा?"

तिने वायरी पुन्हा लावल्या. पेट्यांचं नाव बदललं. ठिपकी काढून एक कोरडं, आकड्यांचं नाव घातलं. पाच टॅबना ते शिकवलं. पाचही जोडले गेले. मग तिने सहावा टॅब भिंगरीच्या हातात दिला.

"हाक तू मारली होतीस. तूच मिटव. त्या नावावर बोट ठेव, खाली एक बटण येईल."

भिंगरीने बोट ठेवलं. पडद्यावर शब्द आले: हे नेटवर्क विसरायचं?

तिचं बोट तिथेच थांबलं.

"मावशी, विसरल्यावर टॅब हाक मारणार नाही?"

"नाही."

"पुन्हा कधीच?"

"आपण सांगितल्याशिवाय नाही."

"पण त्याला आजवर या एकाच टॅबने हाक मारली होती. हाही विसरला, तर मग त्याचं काय?"

मावशीला एखादी गोष्ट माहीत नसली की ती तसं सांगून टाकायची. मोठ्या माणसांत हा गुण फार कमी असतो.

"मला नाही गं माहीत," ती म्हणाली.

जिन्यावर चपलांचा आवाज आला. मॅडम उतरत होत्या.

भिंगरीने मावशीच्या हातांकडे पाहिलं. ते पिशवीचा बंद शोधत होते. मग तिने टॅब तोंडाशी धरला, अगदी जवळ, आणि कुजबुजली, "टॅब विसरेल. मी नाही."

आणि बटण दाबलं.

दांड्या एकेक करून गेल्या.

खोली गप्प झाली.

बाहेरचा गलका तसाच होता, पण तो काचेपलीकडून आल्यासारखा. बरणीतल्या कवळीभोवतीचं पाणी जरासं हिंदकळलं. छत्र्यांच्या फळीवरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक शहारा गेला. एकेक छत्री शेजारणीला टेकली आणि थांबली.

भिंगरीने आकड्यांचं नाव लिहिलं. टॅबने हाक मारली. छतावरच्या पेटीने ओ दिली. पान झर्रकन उघडलं.

"वा," मागून मॅडम म्हणाल्या. त्यांनी सहाही टॅब हातात घेऊन पाहिले. सहावा जरा जास्तच वेळ पाहिला, कारण तो अजून उबदार होता. मग त्या मावशीला म्हणाल्या, "सोमवारी वरच्या मजल्यापासून सुरुवात करा. आणि आज इथे एवढ्या घंट्या कसल्या वाजत होत्या? माझ्या खोलीपर्यंत टाळ्या ऐकू येत होत्या."

"वस्तू घरी गेल्या, मॅडम," छत्रीकाका म्हणाले.

मॅडम गेल्या. मावशी खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भिंगरी घाबरली, पण मावशी हसत होती. मग तिने भिंगरीला उचललं आणि त्या फळ्यांच्या मधोमध एक गिरकी घेतली. नऊ वर्षांच्या मुलीला उचलून गिरकी घेणं सोपं नसतं. दोघी हेल्मेटांवर आदळल्या. छत्रीकाकांनी उगाचच टाळ्या वाजवल्या.

निघायची वेळ झाली. मावशीने शिडी मिटली, पिशवी खांद्याला लावली.

"माझं एक राहिलंय," भिंगरी म्हणाली आणि मागे पळाली.

छत्र्यांच्या फळीसमोर ती उभी राहिली. मागचा दिवा बंद झाला होता. तिच्या हातात टॅब नव्हता, काहीच नव्हतं. तिने आपल्या तोंडाने, घरी कोणाला जेवायला बोलवावं तशी, हाक मारली.

"ठिपके!"

ओ आली नाही.

ती क्षणभर थांबली. मग तिने वळून उजवा हात मागे धरला, रस्ता ओलांडताना लहान भावंडासाठी धरतात तसा, थोडा खाली. आणि चालू लागली. एरवी ती पळत यायची. आता हळूहळू आली. चष्म्यांच्या फळीपाशी तर दोनदा थांबली, जणू कोणाला तरी बघू देत होती.

छत्रीकाका दोन्ही हातांनी दाराचं शटर धरून उभे होते. भिंगरी उंबऱ्याबाहेर पडली, आणि आत, खिडकीत, घंटी एकदा वाजली.

काकांनी घंटीकडे पाहिलं. मग भिंगरीच्या उजव्या हाताकडे. हात रिकामा होता, पण बोटं कशाभोवती तरी मिटलेली होती.

"तुझंच होतं ना?" त्यांनी विचारलं. येणाऱ्या प्रत्येकाला विचारत तसंच, नेहमीच्या आवाजात.

"हो, काका."

"मग बरोबर," ते म्हणाले, आणि शटर खाली ओढायच्या आधी आणखी थोडा वेळ थांबले.

परतीच्या बसला गर्दी नव्हती. मावशी आजच्या दिवसाबद्दल, सोमवारबद्दल, वरच्या मजल्यांबद्दल भरभरून बोलत होती. दोघी चढल्या. पुढचं बाक रिकामं होतं. भिंगरी खिडकीपाशी गेली, आणि मग बाजूला होऊन वाटेच्या कडेला बसली. खिडकीची जागा तिने रिकामी ठेवली.

मावशीचं बोलणं मध्येच थांबलं. ती हळूच पलीकडच्या बाकावर बसली.

बस निघाली. बाहेर अंधारून आलं होतं, दुकानांचे दिवे लागत होते, आणि काच बर्फासारखी गार होती. भिंगरीच्या पलीकडे, काचेवर, एक वाफेचा गोल उमटला. लहानसा, तिच्या खांद्याच्या उंचीवर. पुसट झाला आणि पुन्हा उमटला. पुन्हा. भराभर, जसा कोणी पहिल्यांदाच खूप काही बघताना श्वास घेतं.

भिंगरीने खिशातून रुमाल काढला, वाकून काच नीट पुसली, आणि विचारलं,

"आता दिसतंय?"